सवत नावाचं अत्तर

मॅडमच्या दुकानात 'छान' हा शब्द चालत नसे. एखादं नवीन गिऱ्हाईक ट्रायल रूममधून बाहेर यायचं, आरशासमोर गोल फिरायचं आणि म्हणायचं, "छान झालंय हो!" की मॅडम चष्मा कपाळावर सरकवून विचारायच्या, "छान म्हंजे काय? छान तर आमटीपन आस्ती. काखेत टोचतंय का, ते सांगा."

गिऱ्हाईक गांगरायचं. मग मी पुढे व्हायची आणि गोड बोलून सावरायची. माझी नेमणूकच त्यासाठी होती. बी.ए.चा निकाल लागेपर्यंत काहीतरी करावं म्हणून मी सावेडीतल्या त्यांच्या दुकानात चौकशीला गेले, तेव्हा त्यांनी मला शिवण येतं का, हे विचारलंच नाही. म्हणाल्या, "माज्याच्यानं गोड बोलवत न्हाई. तू बोल, मी शिवते." निकाल लागला, मी पास झाले आणि तरीही पुढची काही वर्षं तिथेच गोड बोलत राहिले. माझ्या वडिलांना सुरुवातीला ते पटलं नव्हतं. पण आईच्या पन्नाशीला मॅडमनी शिवलेला ब्लाउज आला आणि त्यांचा विरोध मावळला.

त्या मूळच्या मिरजगावच्या. लग्न होऊन नगरला आल्या, पुण्याला जाऊन फॅशन डिझायनिंगचा कोर्स करून आल्या आणि दुकानावर 'बुटीक' असा बोर्ड लावला. पहिल्या महिन्यात दोन म्हातारे चपला-बूट मागायला आले, तेव्हा त्यांनी स्वतः शिडीवर चढून तो शब्द पांढऱ्या रंगाने पुसला. नंतर शहराचं नाव बदललं तेव्हा सगळ्या दुकानांनी बोर्ड बदलले. आमच्या बोर्डावर बदलण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

गिऱ्हाइकाशी पहिली दोन वाक्यं त्या पुण्याच्या मराठीत बोलत. तिसऱ्या वाक्याला मिरजगाव यायचं. "आपल्याला कुठल्या प्रसंगासाठी हवं आहे? बरं. रंग कोणता डोळ्यांसमोर आहे? आं? पोपटी? न्हाई वो, पोपटी तुमाला लई वाईट दिसंल!" गिऱ्हाईक उठून जाईल म्हणून मी धावत यायची, पण ते सहसा जात नसे. उलट मैत्रिणीला घेऊन परत यायचं आणि मैत्रिणीला कुठला रंग वाईट दिसतो ते मजेत ऐकत बसायचं.

ट्रायलच्या वेळी त्या पंखा बंद करायला लावत. वाऱ्यावर कुठलाही कपडा चांगला दिसतो, असं त्यांचं म्हणणं. आणि प्रत्येक कपड्याला खिसा. नऊवारीला खिसा, घागऱ्याला खिसा. एका नवरीने 'मला खिसा नको' म्हणून हट्ट धरला, तेव्हा मॅडमनी तो न सांगता निऱ्यांत लपवून शिवला. लग्नात ती नवरी स्टेजवर भुकेने कासावीस झाली आणि तिच्या बहिणीने त्याच खिशात तिला दोन पेढे आणून दिले. नवरीने दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करून मॅडमचे आभार मानले. मॅडमनी फोन ठेवताना एवढंच म्हटलं, "तूप लागलं आसंल जरीला. पाठवून द्या."

हे सगळं लोक कौतुकाने सांगत. एका गोष्टीबद्दल मात्र आवाज खाली करून बोलत. मॅडमचे यजमान, ज्यांना आम्ही सगळे साहेब म्हणायचो, रस्त्यांची कंत्राटं घेत. नेवाशाकडे एकदा मोठं काम निघालं. रस्ता पुरा झाला, पण साहेब काही पुरते परत आले नाहीत. तिकडे त्यांचं दुसरं घर झालं होतं, एक मुलगीही होती. ओळखीचे लोक 'साहेबांचं ते नेवाशाचं' असं म्हणून विषय बदलायचे. मॅडम बदलत नसत. कुणी विचारलं, "साहेब दिसत नाहीत बऱ्याच दिवसांत?" की त्या सुईत दोरा ओवता ओवता म्हणत, "नेवाशाला गेल्यात. माज्या सवतीकडं."

विचारणाऱ्या बाईला चहाचा ठसका लागायचा. मी पाणी आणायची.

साहेब स्वभावाने गरीब होते. बारीक अंगाचे, जाड भिंगांच्या चष्म्याचे. रोलरखाली खडी दाबणारा हा माणूस घरात पाऊलसुद्धा न वाजवता चालायचा. मूल नाही म्हणून त्यांनी हे केलं, असं लोक म्हणत. मॅडम म्हणत, "तसलं कायबी न्हाई. त्यांना न्हाई म्हनता येत न्हाई, येवढंच. लग्नाच्या वक्ती मलाबी न्हाई म्हनता आलं नव्हतं त्यांना."

अत्तराचं सुरू झालं ते चिडण्यातून. मुली ट्रायलला यायच्या त्या अंगभर बॉडी स्प्रे मारून. तो वास नव्या रेशमाला लागायचा आणि मॅडमच्या कपाळाची शीर उठायची. "माज्या कपड्याला माजा वास पायजे," असं म्हणून त्यांनी मला घेऊन जुन्या बाजारातल्या अत्तरवाल्या चाचांचं दुकान गाठलं. चाचांच्या घरात अत्तराचा धंदा पिढ्यान् पिढ्या होता, आणि त्या सगळ्या पिढ्यांचा अभिमान चाचा एकटे बाळगून होते. कापसाचा एक बोळा नाकाशी धरण्याआधी ते आजोबांपासून सुरुवात करायचे.

मॅडम म्हणाल्या, "आधी गोड वाटला पायजे. मग जरा टोचला पायजे."

चाचांनी डोळे मिटले. "मॅडम, वो अत्तर नहीं, बाभूळ होगी."

दोघांची महिनोन् महिने भांडणं चालली. मोगरा कमी, वाळा जास्त, लवंगेचा थेंब घालायचा की नाही. चाचांना नावाची घाई फार. 'गुल-ए-नगर' त्यांनी मनात पक्कं केलं होतं, ते कागदावर सुंदर अक्षरांत लिहूनही आणलं होतं. मॅडम म्हणायच्या, "आधी वास तर येऊ द्या."

शेवटी एक नमुना त्यांनी जुन्या साडीच्या पदराला लावला. साडी धुतली, उन्हात वाळवली, इस्तरी केली. मग पदर नाकाशी नेला आणि तो टेबलावर आपटून म्हणाल्या, "धुतलं, वाळवलं, इस्तरी मारली, तरी हाय आपली तितंच! मेली सवत!"

आम्ही कारागीर बायकांसकट सगळ्या हसलो. मॅडम हसल्या नाहीत. त्या पदराकडे बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हेच नाव."

चाचांनी घडी केलेला कागद खिशात परत ठेवला. "मॅडम, नाम तो इज्जतदार रखो," असं ते अगदी कळवळून म्हणाले. पण बाटल्यांची लेबलं छापून आली. काही दिवसांत चौकात फ्लेक्सही लागला. गुलाबी रंगावर बाटलीचं चित्र, त्यावर मोठ्या अक्षरांत 'सवत', आणि खाली ओळ: 'एकदा घरात आली की जात नाही.'

दुपारपर्यंत फ्लेक्सचा फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर पोचला होता. माझं गोड बोलणं त्या आठवड्यात पुरलं नाही. एका मुलीच्या आईने रुखवताबरोबर द्यायच्या साड्यांची ऑर्डर काढून घेतली. सासरी असल्या दुकानाची पिशवी कशी न्यायची, असं त्यांचं म्हणणं. एका गृहस्थांनी फोन करून मला संस्कृतीवर अर्धं व्याख्यान दिलं आणि मग हळूच विचारलं की, बाटली घरपोच मिळते का, आणि घरपोच म्हणजे ऑफिसला मिळेल का. अत्तराच्या उद्घाटनाला येतो म्हणालेल्या पुढाऱ्यांना अचानक मुंबईला काम निघालं. रात्रीतून कुणीतरी फ्लेक्सला काळं फासलं. मॅडम बघायला गेल्या आणि परत येऊन म्हणाल्या, "ब्रश तरी नीट मारायचा. वघळ आलेत."

महिला मंडळाच्या अध्यक्षबाई पंधरा-वीस जणींना घेऊन दुकानासमोर आल्या. स्त्रियांचा अपमान थांबवा, नाव बदला, अशा घोषणा झाल्या. मॅडम पायरीवर उभं राहून शांतपणे ऐकत होत्या. अध्यक्षबाई म्हणाल्या, "अहो, आख्ख्या शहराचं नाव बदललं, तुम्हाला एका बाटलीचं बदलायला काय होतंय?" बायकांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनाही तो मुद्दा आवडला असावा, कारण त्यांनी मान डोलावली. मग अध्यक्षबाईंनी एक पायरी वर येऊन हळूच विचारलं, "माझा ब्लाउज?"

"तयार हाय. घोषना झाल्या की फिटिंगला या."

साहेब त्या संध्याकाळी मागच्या दाराने दुकानात आले. कटिंगच्या टेबलापाशी उभे राहून बराच वेळ टेप गुंडाळत आणि उलगडत राहिले. शेवटी म्हणाले, "अगं, दुसरं एखादं नाव... म्हणजे फुलाचं वगैरे..."

मॅडमनी कात्री खाली ठेवली. "हे नाव घरात तुमी आनलं. मी फकस्त बाटलीत भरलं."

साहेबांनी टेप टेबलावर ठेवला आणि आल्या दाराने निघून गेले. आम्ही आपापल्या कामात मान खुपसली. मॅडमनी पुन्हा कात्री घेतली, पण त्या दिवशी त्यांनी एक बाही चुकीची कापली. तसं त्यांच्या हातून होताना मी कधी पाहिलं नव्हतं.

उद्घाटन एका मंगल कार्यालयात होतं. पाहुण्यांपेक्षा निषेधवाल्या जास्त, आणि निषेधवाल्यांपेक्षा नुसत्या बघायला आलेल्या बायका जास्त. स्टेजवर बाटल्यांची उतरंड रचून तिच्यावर जरीचं कापड टाकलं होतं. चाचा अचकन घालून पहिल्या रांगेत बसले होते, चेहरा मात्र कुणाच्या तरी मयताला आल्यासारखा. मॅडम वधूपक्षाच्या खोलीत तयार होत होत्या. मी त्यांच्या पदराला पिन लावत असताना दार ढकलून एक बाई आत आली. चाळिशीच्या आसपासची, साधी सुती साडी, हातात एस.टी.च्या प्रवासात चुरगळलेली पिशवी. मला वाटलं, निषेधवाल्यांपैकी कुणी असेल. मी म्हणाले, "ताई, हॉल तिकडे आहे."

ती माझ्याकडे न बघता मॅडमना म्हणाली, "मी नेवाशावरून आले."

माझ्या हातातली पिन खाली पडली. मॅडम तिच्याकडे वळल्या. मला वाटलं, आता काय होतंय. पण मॅडम तिच्या खांद्याकडे बघत होत्या.

"ही बाही माजी हाय," त्या म्हणाल्या.

बाई दचकली. तिने स्वतःच्या दंडाकडे पाहिलं.

"सायटीवरच्या इंजिनेरच्या बायकोचा म्हनून ह्यांनी ब्लाउज आनल्ता मापाला," मॅडम म्हणाल्या. "तवाच कळलं मला. इंजिनेरच्या बायकोच्या ब्लाउजची काळजी करनारा मानूस न्हाई आमचा. डावा खांदा उतरता हाय तुमचा. टोचत न्हाई ना?"

"न्हाई," ती म्हणाली. "ह्यो एकच बरा बसतो मला."

बाहेर माईकवर कुणीतरी 'हॅलो, हॅलो' करत होतं. ती बाई बसली नाही. उभ्यानेच म्हणाली, "ताई, मी भांडायला न्हाई आले. मी तुमच्या संसारात आले तवा मला ठावं हुतं मी काय करतीया. मला काय म्हनायचं ते म्हना, बाटलीवर लिव्हा, चौकात लावा. पन माजी पोरगी अकरावीला हाय. पोरं तिच्या बाकावर सेंट मारत्यात. ती वर्गात शिरली की वरडत्यात, एकदा घरात आली की जात न्हाई. चार दिवस झालं, कालिजला जाईना. जेवना धड."

मॅडमनी खाली पडलेली पिन उचलली.

"आन दुसरं एक," ती म्हणाली, आता तिचा आवाज जरा चढला. "मला कुनी इचारलं आसतं, तर मीबी तुमालाच सवत म्हनले आस्ते. एकलीला कुटं सवत आसतीया? दोगी आसल्या तरच आस्ती. तुमी बाटलीवर माजं नाव घातलं म्हनताय, त्ये तुमचंबी हाय."

मॅडम खुर्चीवर बसल्या. आरशात बघितलं, मग तिच्याकडे बघितलं. "पोरगी कुनासारखी हाय दिसायला?" त्यांनी विचारलं.

"बापासारखी."

"आरारा," मॅडम म्हणाल्या, आणि दोघींच्या चेहऱ्यावर एकदमच काहीतरी हललं. हसू म्हणता येणार नाही, पण त्याच्या जवळचं.

मॅडम स्टेजवर गेल्या. त्यांचं भाषण मी पुण्याच्या मराठीत लिहून दिलं होतं. तो कागद त्यांनी माईकच्या स्टँडवर ठेवला आणि त्याच्याकडे पाहिलंच नाही. "नमस्कार. ह्या अत्तराचं नाव मी मागं घेते," त्या म्हणाल्या.

निषेधवाल्या बायकांनी एकच जल्लोष केला. अध्यक्षबाई तर आनंदाने उठून उभ्या राहिल्या.

"बसा वो," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या घोषनेमुळं न्हाई. घोषना ऐकायला मला लई मज्जा आली तुमच्या. मी हे नाव ठेवलं, कारन मला वाटलं, जे हाय ते बोलायला भ्यायचं कशाला? पन जे हाय ते मला निम्मंच दिसत हुतं. एक ल्हान पोर मधी सापडलं. ते काय मला दिसलं न्हाई. आता ह्या लेबलासकट मी एकबी बाटली इकनार न्हाई. संपलं माजं भाषन. च्या घ्या."

मग प्रश्न आला की लेबलं काढायची कशी. मॅडमनी जरीचं कापड ओढलं, खाली बसल्या आणि पहिल्या बाटलीचं लेबल नखाने खरवडायला लागल्या. मी बसले. आमच्या कारागीर बायका आल्या. बघायला आलेल्या बायकांना नुसतं बघवेना, त्याही सरसावल्या. शेवटी अध्यक्षबाई मंडळासकट खाली मांडी घालून बसल्या, कारण सगळा हॉल काम करत असताना नुसतं विजयी बसणं त्यांना जमेना. नेवाशाची बाई कोपऱ्यात दोन मुलींबरोबर बसून लेबलं खरवडत होती. ती कोण, हे कुणाला माहीत नव्हतं, आणि मॅडमनी, ज्यांनी आयुष्यभर जे आहे ते बोलून टाकलं, त्या दिवशी कुणाला सांगितलंही नाही.

घाईत पाच-सहा बाटल्या फुटल्या. दुसऱ्या दिवशी त्याच कार्यालयात लग्न होतं. वरपक्षाने तक्रार केली की मठ्ठ्यालासुद्धा लवंगेचा वास येतोय. कार्यालयाच्या मालकांनी फरशी तीनदा धुऊन घेतली, सतरंज्या गच्चीवर टाकल्या. त्यांनी वैतागून दुकानात फोन केला, "मॅडम, हे जाणार कधी?" मी गोड बोलायच्या तयारीत होते. मॅडमनी फोन घेतला आणि म्हणाल्या, "न्हाई जायाचं."

चाचा मात्र टवटवीत झाले होते. आता बाटली कोरी झाली म्हणून ते पुन्हा खिशातला कागद घेऊन आले. मॅडमनी तो वाचला, अक्षराचं कौतुक केलं आणि परत दिला. अत्तर बिननावाचंच विकलं गेलं. गिऱ्हाईक येऊन इकडेतिकडे बघून विचारायचं, "ते आहे का? ते... ते वालं?" आम्ही द्यायचो.

उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी मॅडमनी गाडी काढायला लावली आणि मला घेऊन नेवाशाला गेल्या. साहेब तिथे अंगणात दाढी करत होते. फाटकातून मॅडमना आत येताना बघून त्यांचा हात गालावर तसाच थांबला. मॅडम त्यांच्या बाजूने जात म्हणाल्या, "करा, करा. तुमच्याकडं न्हाई आले."

मुलगी दाराआड उभी होती. दोन वेण्या, जाड चष्मा, आईने बळेच घालायला लावलेला युनिफॉर्म. मॅडमनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलल्या ते हे: "युनिफॉर्म कुनी शिवला? खांदे बघ कुटं गेलेत." मग स्वतः तिच्याबरोबर कॉलेजच्या फाटकापर्यंत चालत गेल्या. तिथे मोटरसायकलींवर पोरं बसली होती. मॅडम त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. "त्या बाटलीवाली मी. ती ओळबी माजीच. तुमाला जे वरडायचं ते मला वरडा. मी हितंच उभी हाय."

कुणी ओरडलं नाही. एकाने मोटरसायकलला किक मारली, ती सुरू झाली नाही. दुसरा खाली बघत म्हणाला, "सॉरी काकू." तिसऱ्याने सेल्फी मागितला. मॅडमनी तो दिला, पण आधी त्याच्या शर्टाची कॉलर सरळ केली. मुलगी वर्गात गेली. आम्ही फाटकाबाहेर रसवंतीत बसून राहिलो, ती बाहेर येईपर्यंत.

माझं लग्न झालं, मी पुण्याला आले. गोड बोलण्याचं काम मॅडमनी दुसऱ्या कुणाला दिलं असेल, असं मी धरून चालले होते. मागच्या वर्षी माहेरी गेले असताना दुकानात डोकावले. गर्दी होती. मॅडम एका बाईला सांगत होत्या की पोपटी तिला लई वाईट दिसंल. काउंटरवर नेवाशाची तीच जाड चष्म्याची मुलगी बसली होती, नगरच्या कॉलेजात शिकायला आलेली, मॅडमकडेच राहणारी. ती त्या बाईला गोड बोलून सावरत होती, आणि माझ्यापेक्षा कितीतरी बरं सावरत होती.

बाई खूश झाली. निघताना तिने मॅडमना विचारलं, "गोड आहे हो पोरगी. कोण तुमची?"

दुकानातल्या जुन्या कारागीर बायकांचे हात थांबले. मीही थांबले. मॅडम आता सांगणार, सगळ्यांसमोर, चहाचा ठसका लागेल असं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मुलीनेही मान वर केली.

मॅडमनी तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं.

"आमची हाय," त्या शेवटी म्हणाल्या. मग गिऱ्हाईक दाराबाहेर गेल्यावर मुलीकडे वळून कडाडल्या, "आन तू काय बघतीस? तिला लिंबू कलर दाखवायला काय झालं हुतं?"